जळजळ म्हणजे जखम नव्हे

१९८४ साली दिल्लीतील काही डॉक्टरांनी लहान आतड्याच्या तोंडाशी व्रण झालेल्या ५० रुग्णांवर एक साधा प्रयोग केला. उपचार सगळ्यांना सारखेच होते. निम्म्या रुग्णांना मात्र जेवणासोबत रोज ३ ग्रॅम लाल तिखट, म्हणजे साधारण एक लहान चमचा भरून, दिले जात होते. चार आठवड्यांनी दुर्बिणीने तपासले तेव्हा व्रण भरून येण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. हा प्रयोग ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला, म्हणजे तो कुठे अडगळीत पडून राहिला असे नाही. तरीही चाळीस वर्षांनंतर आपल्याकडे पोटात दुखू लागले की पहिला आळ मिरचीवरच येतो. त्याच वेळी आरोग्याच्या सदरांतून आणि व्हॉट्सॲपवरच्या निरोपांतून नेमके उलटे सांगितले जाते: मिरची चरबी वितळवते, रक्तवाहिन्या साफ करते, कर्करोग रोखते. एका बाजूला ती विष ठरते, दुसऱ्या बाजूला औषध. मला वाटते, या दोन्ही समजुतींचे मूळ एकच आहे. तोंडात इतकी आग होते त्या अर्थी आत शरीरावरही तेवढाच जबर परिणाम होत असणार, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मिरचीतल्या तिखट द्रव्याचे, म्हणजे कॅप्सेसिनचे, मुख्य काम मज्जातंतूंवर चालते. कातडी किंवा आतड्याचे अस्तर ते जाळत नाही. एवढे नीट ध्यानात घेतले की मिरचीचा त्रास कोणाला होईल, कोणाला होणार नाही आणि तिच्या नावावर दुसऱ्याच कोणाचे दोष खपतात, हे बरेचसे उलगडते.

इंग्लंडमधील जॉन थ्रेश यांनी १८७६ मध्ये हे द्रव्य शुद्ध रूपात वेगळे करून त्याला कॅप्सेसिन हे नाव दिले. ते शरीरात नेमके काय करते हे कळायला मात्र १९९७ साल उजाडावे लागले. कॅलिफोर्नियातील डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने त्या वर्षी वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवरचे एक प्रथिन शोधून काढले. टीआरपीव्ही१ हे त्याचे नाव. पेशीच्या आवरणात बसलेले हे एक दारच म्हणायचे. तापमान सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की ते उघडते, कॅल्शियम आत शिरते आणि ‘भाजतेय’ असा संदेश मेंदूकडे निघतो. कॅप्सेसिन या दाराला चिकटते आणि शरीराच्या नेहमीच्या तापमानालाच ते उघडायला लावते. म्हणून ठेच्याचा घास घेतल्यावर मेंदूला मिळणारा संदेश खरोखर भाजल्यासारखाच असतो, भाजलेले मात्र काहीही नसते. घाम फुटतो, नाक वाहते, डोळ्यांत पाणी येते, चेहरा लालबुंद होतो, ते सारे शरीराने त्या संदेशावर विश्वास ठेवून केलेले उपाय आहेत. ज्युलियस यांना २०२१ मध्ये आर्डेम पाटापुटियन यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले ते याच दिशेच्या कामासाठी. पोपट तिखट मिरची बिनदिक्कत कशी खातो, हेही त्यातून कळले. पक्ष्यांमध्ये हे प्रथिन असते, पण त्याची घडण थोडी वेगळी असल्याने कॅप्सेसिनला ते उघडता येत नाही. झाडाच्या दृष्टीने ही मोठीच सोय. उंदरासारखे प्राणी दातांनी बी चावून टाकतात, पक्षी ते अखंड गिळून दूरवर टाकतात. शिवाय बोलिव्हियातल्या रानमिरच्यांच्या अभ्यासात असे दिसले की कॅप्सेसिन फळात शिरणाऱ्या बुरशीलाही आवर घालते. मिरचीचे तिखटपण झाडाने स्वतःच्या बियांच्या रक्षणासाठी कमावलेले आहे. आपल्या पोटाचे भले किंवा वाईट करणे हा त्याचा हेतूच नव्हता.

आपण जेवणातून हे द्रव्य घेतो तरी किती? १९१२ मध्ये अमेरिकेतील विल्बर स्कोव्हिल यांनी मिरचीचा अर्क साखरपाण्यात किती पट पातळ केला की त्याचा तिखटपणा जाणवेनासा होतो, यावरून तिखटाचे माप बसवले. शुद्ध कॅप्सेसिनचे माप १ कोटी ६० लाख, तर गुंटूरच्या नेहमीच्या मिरचीचे ३०-४० हजारांच्या घरात. त्या हिशेबाने १ ग्रॅम गुंटूर तिखटात दोन-अडीच मिलिग्रॅम कॅप्सेसिन निघते. जर्मनीच्या सरकारी जोखीम-मूल्यमापन संस्थेने प्रौढ माणसाने एका जेवणात वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅप्सेसिन घेऊ नये, असे सुचवले आहे. ६० किलोच्या माणसाला ही मर्यादा गाठायची तर एका बैठकीत सव्वाशे ग्रॅमच्या आसपास तिखट खावे लागेल. नागपूरचा सावजी रस्सा कितीही जहाल असो, त्याच्या एका वाटीत तेवढे तिखट नसते.

आता व्रणाकडे वळू. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की जठर आणि आतड्याच्या बहुतेक व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. उरलेल्या व्रणांपैकी पुष्कळ ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात. १९८८ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी निरोगी स्वयंसेवकांना तिखट जेवण देऊन नंतर त्यांच्या जठरात दुर्बीण घातली. ॲस्पिरिन घेतलेल्यांच्या अस्तरावर इजा दिसली, तिखट जेवलेल्यांच्या अस्तरावर तसे काही दिसले नाही. सिंगापूरमधील एका अभ्यासात तर व्रणाचे रुग्ण इतरांपेक्षा कमी मिरची खाणारे निघाले. त्यावरून मिरची व्रणापासून वाचवते असे काही जण म्हणतात, पण तिथे मी सावध राहीन. ज्याच्या पोटात दुखते तो आपणहूनच तिखट कमी करतो, हीही एक शक्यता आहे. मिरचीला निर्दोष ठरवण्यासाठी तिला रक्षकाचे पद देण्याची गरज नाही. महत्त्वाचे आहे ते वेगळेच. व्रण झाला म्हणून ठेचा बंद करणारा, पण गुडघेदुखीवरची गोळी रोज उपाशीपोटी घेत राहणारा माणूस खऱ्या कारणाला हातच लावत नाही. पथ्य पाळल्याचे समाधान मिळते, जिवाणूची तपासणी राहून जाते आणि व्रण तसाच राहतो. मिरचीवरचा चुकीचा आरोप म्हणूनच निरुपद्रवी नाही. त्याने निदानाला उशीर होतो.

‘पण मग आमच्या छातीत जळते ते काय खोटे?’ असे कोणी विचारील, आणि त्याचे विचारणे रास्त आहे. जळजळ अगदी खरी असते. टीआरपीव्ही१ फक्त जिभेवर नसते. अन्ननलिका, जठर, आतडी, थेट गुदद्वारापर्यंत ते पसरलेले असते. शिवाय त्याला उघडणाऱ्या गोष्टी तीन: उष्णता, कॅप्सेसिन आणि आम्ल. जिथे आधीच दाह असतो तिथे हे दार इतके हळवे होते की क्षुल्लक कारणानेही उघडते. ज्याच्या जठरातले आम्ल वारंवार वर अन्ननलिकेत येते, त्याची अन्ननलिका आधीच चेतलेली असते आणि तिखटाने तिथे असह्य आग होते. आतडी वारंवार कुरकुरणाऱ्या, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ अशा रुग्णांच्या आतड्यात हे प्रथिन असलेले मज्जातंतू निरोग्यांपेक्षा बरेच जास्त असल्याचे लंडनमधील संशोधकांना २००८ मध्ये आढळले. म्हणजे एकाच पंगतीत बसलेल्या दोन माणसांपैकी एकाला तांबडा रस्सा पचतो आणि दुसऱ्याची रात्र जाते, याचे कारण रश्श्यात नसते. ते दोघांच्या मज्जातंतूंत असते. दुसऱ्याने तिखट टाळावे हे बरोबरच आहे. ‘तुझे सगळे मनाचे खेळ आहेत’ असे त्याला सांगणे हा शुद्ध अन्याय होईल. फक्त त्याने तिखट टाळायचे ते वेदना टाळण्यासाठी; आतड्याला भोके पडतील या भीतीपोटी नव्हे.

शरीराचा नेमका कोणता भाग दुखावलेला आहे यावर किती अवलंबून असते, याचे एक चांगले उदाहरण दोन प्रयोगांत सापडते. इटलीत २००६ मध्ये मूळव्याधीच्या ५० रुग्णांना मिरचीची आणि बिनमिरचीची कॅप्सूल आलटूनपालटून दिली. कोणती कशाची हे रुग्णालाही ठाऊक नव्हते, तपासणाऱ्यालाही नव्हते. मिरचीने मूळव्याध वाढत नाही, असे त्यात दिसले. नागपुरातील एका शल्यविशारदांनी अशाच पद्धतीने गुदद्वाराच्या ताज्या चिरेचे, म्हणजे फिशरचे, रुग्ण तपासले आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मिरचीने दुखणे स्पष्टपणे वाढल्याचे आढळले. मूळव्याध ही फुगलेल्या रक्तवाहिन्यांची गादी; फिशर ही उघडी जखम. उघड्या जखमेवरच्या नागव्या मज्जातंतूला कॅप्सेसिन लागले की दुखणारच. आपल्याकडे या दोन दुखण्यांना सर्रास ‘मूळव्याध’ या एकाच नावाने ओळखतात आणि पथ्यही एकच सांगतात, तिथे हा फरक कळणे अतिशय गरजेचे आहे.

याहून गंभीर आक्षेप कर्करोगाचा, आणि तो झटकून टाकता येत नाही. १९९४ मध्ये मेक्सिको सिटीतील एका अभ्यासात जठराचा कर्करोग मिरची खाणाऱ्यांमध्ये कितीतरी जास्त दिसला. २००० मध्ये तिरुवनंतपुरमच्या संशोधकांनाही जठराच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये मिरचीचे, मसालेदार आणि कढत अन्नाचे प्रमाण जास्त आढळले. हे अभ्यास रुग्णांना त्यांच्या पूर्वीच्या खाण्याबद्दल विचारून केलेले असतात. आजारी माणसाची आठवण आजाराकडे झुकते, ही त्यांची मर्यादा. पण मला त्याहून मोठा प्रश्न वाटतो तो असा की या लोकांनी खाल्ले ते नेमके काय. मिरची कधीच एकटी पोटात जात नाही. तिच्याबरोबर मीठ जाते, आणि खारवलेल्या अन्नाचा जठराच्या कर्करोगाशी असलेला संबंध मिरचीच्या संबंधापेक्षा कितीतरी भक्कम आहे. नीट न वाळलेल्या मिरचीवर अस्परजिलस बुरशी वाढते आणि तिच्यातून अफलाटॉक्सिन तयार होते. माणसात कर्करोग घडवणारे द्रव्य म्हणून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या पहिल्या वर्गात मोडते. कॅप्सेसिन त्या यादीत नाही. युरोपीय संघाने मसाल्यांत अफलाटॉक्सिनची मर्यादा किलोला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे, त्यावरून धोका किती बारीक प्रमाणात मोजला जातो हे लक्षात यावे. तिसरी भर रंगाची. २००३ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या तिखटात सुदान हा कारखान्यात वापरायचा रंग सापडला, आणि २००५ मध्ये ब्रिटनमध्ये अशा तिखटापासून बनलेल्या एका सॉसमुळे शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. लालभडक म्हणजे तिखट, ही आपली समजूत या भेसळीला खतपाणी घालते. खरे तर मिरचीचा रंग आणि तिखटपणा ही दोन वेगळ्या द्रव्यांची कामे आहेत. ब्याडगी मिरची रंगाला गडद आणि तोंडाला सौम्य असते, तर बारीकशी लवंगी रंगाने फार डोळ्यांत भरत नाही पण जीभ सोलते. पेल्यातल्या पाण्यात तिखट टाकून भेसळ ओळखण्याचा घरगुती उपाय पाण्यात विरघळणारा रंग पकडतो. सुदान तेलात विरघळतो, पाण्यात नाही, त्यामुळे तो या चाचणीतून निसटतो.

मिरचीच्या स्तुतिपाठकांनाही हाच निकष लावायला हवा. चीनमधील सुमारे ४ लाख ८७ हजार प्रौढांच्या पाहणीत, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जवळजवळ रोज तिखट खाणाऱ्यांचा मृत्यूचा धोका क्वचित खाणाऱ्यांपेक्षा १४ टक्के कमी दिसला. अमेरिकेत २०१७ मध्ये १३ टक्के, इटलीत २०१९ मध्ये २३ टक्के. आकडे आकर्षक आहेत, तीन वेगळ्या देशांत ते एकाच दिशेने जातात हेही लक्षणीय आहे. पण या सगळ्या निरीक्षण पद्धतीच्या पाहण्या आहेत. तिखट खाणारा माणूस आणखी काय खातो, किती कष्ट करतो, कोणत्या आजारामुळे त्याने तिखट सोडले, हे सगळे त्या आकड्यांत मिसळलेले असते. आजारी पडलेला माणूस तिखट सोडतो हे सिंगापूरच्या अभ्यासाबाबत मान्य करायचे आणि इथे विसरायचे, असे चालणार नाही. चीनमध्येच २०१७ साली ६०६ लोकांच्या अभ्यासात तिखटाची आवड असलेले लोक मीठ कमी खातात आणि त्यांचा रक्तदाबही कमी असतो असे दिसले. तिखटाने मिठाची चव अधिक ठळक लागते, असे संशोधकांचे म्हणणे. हे आपल्याकडे तसेच लागू होईल याची मला खात्री वाटत नाही, कारण आपले तिखट बहुतेक वेळा खारटाच्याच सोबतीने येते: लोणचे, पापड, खर्डा, फरसाण. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सरासरी भारतीय ताट केव्हाच ओलांडते. वजनाबद्दल तर थोडक्यात सांगता येते. कॅप्सेसिनमुळे शरीराचा ऊर्जाखर्च वाढतो हे खरे, पण ती वाढ दिवसाला साधारण ५० कॅलरींची, म्हणजे एका फुलक्याहूनही कमी. मिसळीवरची तेलाची तर्री तिच्या कितीतरी पट परत करते.

कॅप्सेसिनचा खरा, सिद्ध झालेला औषधी उपयोग ताटात नाही, आणि तोही मज्जातंतूंच्या मार्गानेच जातो. हंगेरीतील मिक्लोश यांचो यांनी १९४० च्या दशकात पाहिले की कॅप्सेसिनचा मोठा मारा झाला की प्राण्यांच्या मज्जातंतूंची टोके नंतर वेदनेला दादच देत नाहीत. दार खूप वेळ उघडे राहिले की आत शिरणाऱ्या कॅल्शियमने मज्जातंतूचे टोक निकामी होते, मागे हटते आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा वाढते. यावर बेतलेली ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी अमेरिका आणि युरोपात २००९ मध्ये मान्य झाली. नागीण बरी झाल्यावर महिनोन्‌महिने जे आग लागल्यासारखे दुखत राहते, त्यावर ती तासभर लावली की आराम तीन महिन्यांपर्यंत टिकू शकतो. २०२० पासून अमेरिकेत मधुमेहींच्या तळपायांच्या वेदनांसाठीही ती मान्य आहे. ज्यांच्या पायांची रात्रभर आग होते आणि नेहमीच्या गोळ्यांनी फक्त गुंगी येते, त्यांच्यासाठी हा उपाय मोलाचा आहे. तो दवाखान्यात, हातमोजे घालून, प्रशिक्षित हातांनीच करायचा असतो. घरची मिरची वाटून पायाला लावणे हा त्याचा पर्याय नाही. मधुमेहाने बधिर झालेल्या कातडीवर तसे करणे उलट धोक्याचे ठरेल. अपचनाच्या काही रुग्णांनाही इटलीत २००२ मध्ये पाच आठवडे रोज २.५ ग्रॅम मिरचीपूड कॅप्सूलमधून दिल्यावर पोटदुखी आणि फुगल्यासारखे वाटणे कमी झाले, तेही बहुधा याच बोथटपणामुळे. रोज तिखट खाणाऱ्याला तिखट कमी लागते, याचेही कारण तेच.

मात्रेची मर्यादा नसते असे मात्र कोणी समजू नये. विक्रमी तिखटाच्या मिरच्या आता स्कोव्हिलच्या मापावर २५ लाखांच्या पुढे गेल्या आहेत, आणि त्या खाण्याच्या पैजा मुलांच्या मोबाइलवर फिरतात. अशी मिरची खाल्ल्यानंतर मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळून भयंकर डोकेदुखी झाल्याची नोंद २०१८ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत १४ वर्षांचा एक मुलगा अशाच पैजेतली अतितिखट चकती खाल्ल्यावर दगावला. त्याच्या हृदयात जन्मजात दोष होता, असे तपासात निघाले. आपल्या ताटातल्या मिरचीबद्दल जे म्हटले ते या प्रकाराला लागू नाही. पालकांनी इथे सरळ नाही म्हणावे.

ज्यांच्याबद्दल फारसे बोलले जात नाही ते मिरची खाणारे नव्हेत, ती हाताळणारे आहेत. टीआरपीव्ही१ श्वासनलिकेतही असते. फोडणीत मिरची पडली की घरभर ठसका लागतो तो त्यामुळेच, आणि खोकला मोजण्यासाठी डॉक्टर रुग्णाला कॅप्सेसिनचाच फवारा हुंगायला देतात, इतका हा संबंध पक्का आहे. कॅलिफोर्नियातल्या मिरची-कामगारांच्या एका अभ्यासात त्यांच्यात खोकल्याची तक्रार इतरांपेक्षा बरीच जास्त दिसली. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर हंगामभर मिरची पसरली, उलटवली आणि निवडली जाते, देठ खुडले जातात. गावोगावच्या कांडपांवर आणि डंकांवर वर्षाचा मसाला कुटला जातो. हे काम करणाऱ्यांत बायका जास्त. इथे मिरचीची धूळ दिवसभर नाका-डोळ्यांत जाते, आणि दमा असलेल्या बाईला ती ठसक्यावर थांबत नाही. मिरचीने खाणाऱ्याचे पोट बिघडते का, यावर इतकी वर्षे आणि इतका खर्च झाला. वाळवणाऱ्यांच्या आणि कुटणाऱ्यांच्या श्वासाची तपासणी त्या मानाने अगदी तुटपुंजी झाली आहे. पथारी जमिनीवरून उचलून ताडपत्रीवर किंवा उंच मांडवावर नेली, अवकाळी पावसात ती झाकण्याची सोय केली, तर बुरशीही कमी होईल आणि अफलाटॉक्सिनही. कांडपाच्या खोलीला हवा बाहेर फेकणारा पंखा, देठ खुडणाऱ्या बायकांना मुखपट्टी, चष्मा आणि हातमोजे, आणि हंगामाच्या सुरुवातीला व शेवटी एकदा फुप्फुसांची फुंकर-चाचणी, एवढ्याने या कामाची आजची अवस्था पुष्कळ सुधारेल. बाजार समित्या आणि मसाल्याचे व्यापारी यांनी त्याचा खर्च मालाच्या भावात धरावा.